सेलमची सहल: बॉस्टनला येणाऱ्या आई-बाबांसाठी आणि त्यांना फिरवणाऱ्या मुलांसाठी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनला मुलांकडे आलेले आई-बाबा आधी हार्वर्ड बघतात, मग बंदरात एक चक्कर होते, आणि मग एखाद्या शनिवारी कुणीतरी विचारतं, "ते चेटकिणींचं गाव इथे जवळच आहे ना?" तेच सेलम. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन मी तिथे दर वर्षी जाते. दर खेपेला प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

हे सेलम म्हणजे नेमकं कुठलं? तमिळनाडूतलं तर नाही ना?

नाही. तमिळनाडूतल्या सेलमशी याचा काही संबंध नाही. हे मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टनच्या उत्तरेला साधारण पंचवीस किलोमीटरवरचं समुद्रकाठचं छोटं शहर. वस्ती चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. इंग्रज वसाहतवाले १६२६ मध्ये इथे आले. त्याआधी इथल्या मूळ रहिवाशांचं या जागेसाठी नाव होतं नॉमकेग. 'सेलम' हे नाव बायबलमधून, जेरुसलेमवरून घेतलेलं आहे आणि त्याचा अर्थ शांती असा होतो. ऑरेगन राज्याच्या राजधानीचं नावही सेलमच आहे, म्हणून हॉटेल बुक करताना राज्याचं नाव नीट बघा.

तिथे खरंच चेटकिणी होत्या का?

नव्हत्या. सेलमला जाण्याआधी ही एकच गोष्ट पक्की कळलेली असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१६९२ च्या सुरुवातीला सॅम्युएल पॅरिस नावाच्या पाद्र्याच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळायच्या, अंग वेडंवाकडं करायच्या. वैद्याला कारण सापडेना, तेव्हा हा करणीचा प्रकार ठरला. मुलींवर नावं सांगायचा दबाव आला आणि पहिली तीन नावं आली ती गावातल्या सगळ्यात दुबळ्या बायकांची: घरातली गुलाम टिटुबा, दारोदार मागून खाणारी सारा गुड, आणि अंथरुणाला खिळलेली सारा ऑसबोर्न. तिथून वणवा पेटला. दीडशेहून जास्त माणसांवर आरोप झाले. सारा गुडच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा बेड्या घालून तुरुंगात टाकलं होतं.

गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी मे महिन्यात खास न्यायालय नेमलं. या न्यायालयात कसला पुरावा चालायचा, तर "तिची छाया रात्री माझ्या छातीवर येऊन बसली" असं फिर्यादीनं म्हटलं की झालं. आरोपी बाई त्या वेळी घरी झोपलेली असली तरी फरक पडत नव्हता, कारण छाया फक्त फिर्यादीला दिसत होती. याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तरी कशी? शिवाय ज्यांनी "हो, मी चेटूक केलं" अशी कबुली दिली आणि ती कायम ठेवली, त्यांचा जीव वाचला. जे खरं बोलले ते फासावर गेले.

१० जून ते २२ सप्टेंबर १६९२ या काळात एकोणीस जणांना फाशी झाली, चौदा बायका आणि पाच पुरुष. ऐंशीच्या घरातले जाइल्स कोरी खटल्याला उभं राहायलाच तयार नव्हते, म्हणून त्यांना झोपवून अंगावर दगड रचत गेले, आणि त्यातच १९ सप्टेंबरला त्यांचा जीव गेला. तीन दिवसांनी त्यांच्या पत्नी मार्था यांना फाशी दिली. निदान पाच जण तुरुंगातच मेले.

यातलं कुणीही जाळलं गेलं नाही. "सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळलं" असं आपल्याकडे बरेच जण सांगतात, ते चूक आहे. जाळण्याची शिक्षा युरोपात काही ठिकाणी होती. इथे इंग्रजी कायदा होता आणि त्यात फाशी होती.

मग यात चूक झाली हे कुणी कबूल केलं का?

केलं, पण तुकड्यातुकड्यानं आणि फार सावकाश. फिप्स यांनी ऑक्टोबर १६९२ मध्ये ते न्यायालय गुंडाळलं. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सिवॉल यांनी १६९७ मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून दोष पत्करला. १७११ मध्ये बऱ्याच कुटुंबांना भरपाई मिळाली. सगळ्यांची नावं मात्र तेव्हा निर्दोष झाली नाहीत. शेवटचं नाव एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) यांचं. त्यांना शिक्षा झाली होती, फाशी टळली होती. त्यांना राज्यानं निर्दोष ठरवलं ते २०२२ मध्ये, आणि तेही जवळच्या गावातल्या आठवीच्या वर्गानं आपल्या शिक्षिकेसह पाठपुरावा केला म्हणून. तीनशे एकोणतीस वर्षांनी! मुलांना घेऊन जाणार असाल तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपल्याकडे अजून येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर झाला.

खटल्यांशी संबंधित खऱ्या जागा कोणत्या? सगळीकडे 'विच' असं लिहिलेलं असतं.

अगदी खरं. दुकानं, मेणाचे पुतळे, भुताची घरं, सगळ्यांच्या पाट्यांवर तेच नाव आहे. त्यातली बहुतेक ठिकाणं करमणुकीची आहेत. १६९२ चं खरोखर काही बघायचं असेल तर इथे जा:

सगळ्यात आधी खटल्यांचं स्मारक. १९९२ मध्ये, तीनशे वर्षं झाली तेव्हा उभारलं, आणि नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी त्याचं लोकार्पण केलं. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर आरोपींचे शब्द कोरलेले आहेत, "मी निर्दोष आहे" अशा अर्थाचे. ती वाक्यं सरकत भिंतीखाली जातात आणि मध्येच तुटतात. बोलणाऱ्याचं बोलणं कुणी अर्धवट तोडावं, तसं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, दगड बसवताना चूक झाली असावी. मग लक्षात आलं आणि पुढे पाऊल टाकवेना. आत तिन्ही बाजूंनी दगडी भिंत आणि तिच्यातून बाहेर आलेले ग्रॅनाइटचे वीस बाक. प्रत्येकावर एक नाव, मरणाची रीत आणि तारीख: ब्रिजेट बिशप, फाशी, १० जून १६९२. एवढंच. तिकीट नाही, आवाज नाही. चुकून कुणी मोठ्यानं बोलत आलं तरी आत आल्यावर आपोआप गप्प होतं.

शेजारीच १६३७ पासूनची चार्टर स्ट्रीटची दफनभूमी आहे. खटल्यांतले न्यायाधीश जॉन हॅथॉर्न तिथे पुरलेले आहेत. फाशी गेलेल्यांपैकी एकाचंही थडगं मात्र तिथे नाही. दगड फार जुने आणि ठिसूळ आहेत, हात लावू नका, कागद ठेवून ठसे घेऊ नका.

फाशीची जागा नेमकी कुठली हे बराच काळ वादात होतं. संशोधकांनी २०१६ मध्ये 'प्रॉक्टर्स लेज' ही जागा नक्की केली आणि १९ जुलै २०१७ ला तिथे छोटं स्मारक झालं. आजूबाजूला लोकांची घरं आहेत. गाडी कुणाच्या दारात लावू नका आणि घोळका करून थांबू नका.

'विच हाउस' या नावानं ओळखलं जाणारं काळपट लाकडी घर हे जोनाथन कॉर्विन या न्यायाधीशाचं. खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलममधली उभी वास्तू ती एवढीच. त्या घरात कुणी चेटकीण कधी राहिली नाही, नाव निव्वळ ओघानं पडलेलं आहे.

आणि सुरुवात जिथे झाली ते 'सेलम व्हिलेज' आजच्या सेलममध्ये नाहीच! ते आता डॅनव्हर्स नावाचं शेजारचं गाव आहे. गाडी असेल तर तिथलं रिबेका नर्स यांचं घर बघा. एकाहत्तर वर्षांच्या, देवभोळ्या, कान मंद झालेल्या आजी. त्यांच्यासाठी एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला होता, त्या काळात केवढं धाडस! ज्यूरीनं आधी त्यांना निर्दोषही म्हटलं होतं, पण न्यायाधीशांनी पुन्हा विचार करायला लावला.

टिटुबा ही भारतीय होती का? कागदपत्रांत तिला 'इंडियन' म्हटलंय.

हा प्रश्न आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला आहे. खटल्याच्या कागदांत तिचा उल्लेख 'इंडियन बाई' असा येतो, पण तिथे 'इंडियन' म्हणजे अमेरिका खंडातले मूळ रहिवासी. पॅरिस यांनी तिला कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून आणलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या देशाशी तिचा संबंध जोडू नये.

मग सेलमचा भारताशी खरा संबंध काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. मला तर वाटतं आपल्या माणसांनी सेलमला यावं ते यासाठीच.

अमेरिका स्वतंत्र झाली आणि इंग्रजांच्या बंदरांत त्यांच्या बोटींची अडवणूक सुरू झाली, तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्वेकडे बोटी धाडल्या. एलायस हॅस्केट डर्बी हे त्यातलं मोठं नाव; अमेरिकेतल्या पहिल्या लक्षाधीशांत त्यांची गणना होते. त्यांची 'अटलांटिक' ही बोट १७८८ च्या सुमारास सुरत आणि मुंबईला पोहोचली. भारतातून सुती कापड यायचं, सुमात्रातून काळी मिरी. १७९० मध्ये सेलमची वस्ती जेमतेम आठ हजार होती, तरी देशातल्या पहिल्या दहा शहरांत त्याचा नंबर लागायचा. शहराच्या मुद्रेवर लॅटिनमध्ये जे ब्रीद कोरलं, त्यातही इंडियाचं नाव आहे: संपन्न पूर्वेच्या शेवटच्या बंदरापर्यंत, असा त्याचा आशय.

मुंबईत या कप्तानांचं काम बघायचे ते पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया. माल जमवणं, राहायची सोय, गोदी, परवाने, सगळं. त्यांचं तैलचित्र सेलमच्या खलाशांनी आपल्या संस्थेत लावलं आणि ते आजही इथल्या संग्रहालयाकडे आहे.

आणि हत्ती! अमेरिकेत आलेला पहिला हत्ती सेलमच्या जेकब क्राउनिनशील्ड या कप्तानानं बंगालमधून आणला. 'अमेरिका' नावाच्या बोटीनं तो १७९६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला उतरला. बोटीवरच्या रोजनाम्यात सेंट हेलेना बेटावर भोपळे, कोबी आणि हत्तीसाठी हिरवा पाला घेतल्याची नोंद आहे. ती लिहिणारा अधिकारी म्हणजे पुढे मोठे कादंबरीकार झालेल्या नथॅनिएल हॉथॉर्न यांचे वडील.

त्या व्यापाराच्या खुणा कुठे बघायला मिळतात?

डर्बी वार्फवर. दगडमातीचा लांबलचक धक्का, जवळजवळ अर्धा मैल समुद्रात गेलेला, टोकाला १८७१ चं चिमुकलं दीपगृह. ऐन भरात या धक्क्यावर गोदामांची रांग होती. आता फक्त गवत, वारा आणि पाणी. वारा उन्हाळ्यातही बोचतो, आईंना शाल घ्यायला सांगा. समोर १८१९ चं कस्टम हाउस आहे. जकात भरायची ती इथे. हॉथॉर्न यांनी १८४६ पासून तीन वर्षं इथे नोकरी केली. हा सगळा परिसर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. १९३८ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून तो जाहीर झाला. धक्क्यावर फिरायला पैसे पडत नाहीत.

व्यापार बुडाला कशानं, असं बाबा लोक हमखास विचारतात. १८०७ ची परदेशी व्यापारावरची बंदी, मग इंग्लंडशी झालेलं १८१२ चं युद्ध, आणि नंतर बोटी मोठ्या होत गेल्या तसं सेलमचं उथळ बंदर अपुरं पडलं. व्यापार बॉस्टन-न्यूयॉर्ककडे गेला.

या श्रीमंतीची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. सेलमचा खारवलेला मासा कॅरिबियनमधल्या ऊसमळ्यांवर जायचा, तिथल्या गुलामांना खायला. त्याच सेलममध्ये सारा पार्कर रेमंड जन्मल्या. या कृष्णवर्णीय वक्त्या गुलामीविरुद्ध भाषणं देत इंग्लंडपर्यंत गेल्या. त्यांच्या आई-वडिलांनी हॅमिल्टन हॉलमध्ये मोठमोठ्या पंगतींचं काम सांभाळलं होतं. चेस्टनट स्ट्रीटवर ती इमारत उभी आहे, आणि तो रस्ताही चालत बघण्यासारखाच.

पीबडी एसेक्स संग्रहालयाला किती वेळ ठेवावा?

निदान तीन तास. घाई असेल तर बाकी काहीतरी गाळा, हे गाळू नका.

याची सुरुवात १७९९ मधली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नच्या पलीकडे बोट नेलेल्या कप्तानांनी आणि बोटीवरच्या व्यापारी प्रतिनिधींनी 'ईस्ट इंडिया मरीन सोसायटी' काढली. जाल तिथून काहीतरी नवलाचं आणायचं असा त्यांचा रिवाज, आणि वर्षाच्या मिरवणुकीत आपल्याकडची पालखी मिरवायचे! १८२५ चं त्यांचं सभागृह अजून आहे. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आले होते.

आधुनिक भारतीय चित्रकला या संग्रहालयाकडे मोठ्या प्रमाणावर आहे. चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या मॅसॅच्युसेट्सच्याच दांपत्यानं जमवलेला हा संग्रह. पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन हे त्याचं केंद्र. चित्रं आलटून पालटून लावतात, त्यामुळे त्या दिवशी काय लागलंय ते आधी बघून जा.

'यिन यू तांग' साठी वेगळं तिकीट लागलं तरी काढा. चीनच्या आन्हुई प्रांतातलं सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं, झोपायच्या सोळा खोल्या असलेलं घर, लाकूड न् लाकूड, वीट न् वीट सुटी करून इथे आणून पुन्हा उभारलंय. २००३ मध्ये ते खुलं झालं. मधोमध उघडा चौक, भोवती दोन मजली खोल्या. माझी मावशी त्या चौकात उभी राहून वर आभाळाकडे बघत म्हणाली, "अगं, हा तर आपल्या आजोळचा वाडा." आणि खरंच, पागोळ्या पडायची जागा, माजघराचा अंधार, लाकडाचा वास, कशातही फरक वाटला नाही.

सेव्हन गेबल्सच्या घरात जिना आहे म्हणे. गुडघे दुखतात, जमेल का?

१६६८ चं हे घर हॉथॉर्न यांच्या १८५१ च्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालं. आतला गुप्त जिना फारच अरुंद, चिमणीभोवती गरगर वर जाणारा आहे. गुडघे किंवा चक्करचा त्रास असेल तर तिथे हट्ट करू नका, तिकिटाच्या खिडकीवर आधीच विचारा. बाग आणि समुद्राचं दृश्य खालूनही छान आहे. हॉथॉर्न यांचं जन्मघरही उचलून याच आवारात आणून ठेवलंय. ते न्यायाधीश हॅथॉर्न यांचे खापरपणतू. आडनावातलं जास्तीचं अक्षर त्यांनी स्वतः घातलं.

कधी जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरात हॅलोविनमुळे लाखो लोक येतात, त्या एका महिन्यातला आकडा दहा लाखांवर गेलेला आहे. सोंगं घेतलेली माणसं, गाणी, रांगा. तरुण मंडळींना मजा येते. आई-बाबांना घेऊन मात्र ऑक्टोबरच्या शनिवारी जाऊ नका. आम्ही एकदा गाडीनं गेलो आणि पार्किंग शोधण्यातच सकाळ गेली. स्मारकात तर उभं राहायला जागा नव्हती. हिवाळ्यात गर्दी नसते, पण बर्फ आणि थंडी असते, शिवाय काही ठिकाणं बंद असतात. संग्रहालयंही आठवड्यातले काही दिवस बंद ठेवतात, वेळा बघूनच निघा.

कसं जायचं?

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टची लोकल पकडा, साधारण अर्ध्या तासात सेलम. स्टेशनपासून सगळं चालण्याच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात बॉस्टन बंदरातून फेरीबोटही असते, तासाभराची. जाताना बोट आणि येताना ट्रेन, हे उत्तम.

शाकाहारी लोकांनी खायचं काय?

उपास पडणार नाही. पिझ्झा, सँडविच, सॅलड सगळीकडे मिळतं. सूप मागवताना सांभाळा: क्लॅम चावडर पांढरं, बटाट्याचं दिसतं, पण त्यात शिंपल्या असतात आणि बऱ्याचदा डुकराचं मांसही. आम्ही सरळ दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो आणि धक्क्याजवळच्या हिरवळीवर बसून खातो. परत येताना सेव्हन गेबल्ससमोरच्या जुन्या मिठाईच्या दुकानातून 'जिब्राल्टर' घ्या. १८०६ पासून सेलममध्ये विकली जाणारी ही लिंबाच्या किंवा पेपरमिंटच्या चवीची साखरगोळी. खलाशी ती सफरीवर न्यायचे.

लहान मुलं घाबरतील का?

स्मारकाला, धक्क्याला, संग्रहालयाला नाही. भुताच्या घरांना घाबरतील, तिथे नेऊ नका. त्यापेक्षा त्यांना हत्तीची गोष्ट सांगा आणि दीपगृहापर्यंत पळू द्या.

एका दिवसात होईल?

होईल. सकाळी स्मारक आणि दफनभूमी, गर्दी व्हायच्या आत. मग संग्रहालय. जेवण धक्क्यावर, दुपारी सेव्हन गेबल्स. उरलेल्या वेळात विच हाउस. डॅनव्हर्सला जायचं तर वेगळा दिवस ठेवा.

स्मारकावर फूल वाहिलं तर चालतं का?

चालतं. बाकांवर फुलं, नाणी, गारगोट्या, घडी केलेल्या चिठ्ठ्या कायम दिसतात. गेल्या खेपेला सासूबाईंनी मला प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायला लावलं. रिबेका नर्स यांच्यापाशी आलो आणि वय सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्याच वयाची गं." केसातलं शेवंतीचं फूल काढून त्यांनी त्या बाकावर ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आमची ट्रेन चुकली. पुढची तासाभरानं होती.